उपकेंद्रात सिस्टर नेमक्या केव्हा भेटतात? वडिलांच्या ड्रेसिंगचा प्रश्न

यावलचा केळीवाला
आमचे गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आबांना जुना मधुमेह असून गेल्या महिन्यात बागेत ठिबकची नळी ओढताना त्यांच्या टाचेला जखम झाली. डॉक्टरांनी एक दिवसाआड ड्रेसिंग करण्यास सांगितले आहे. उपकेंद्र घरापासून चार मिनिटांवर आहे, परंतु पाच खेपांपैकी तीन वेळा तेथे कुलूप होते. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर आहे. गावातील खाजगी माणूस एका ड्रेसिंगचे दीडशे रुपये घेतो आणि हातमोजेही घालत नाही. आमच्या सिस्टर कामाला चांगल्या आहेत, त्यामुळे तक्रार करून त्यांना अडचणीत आणण्याची इच्छा नाही. ही सेवा मागण्याची योग्य रीत कोणती?

निवृत्त आरोग्यसेविका, चोपडा
दादा, कुलूप दिसले म्हणजे सिस्टर गैरहजर, असे सरसकट समजू नये. उपकेंद्राची सिस्टर ही मुळात फिरतीची कर्मचारी आहे. सपाटीवर ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तेवढ्या लोकांचे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गृहभेटी आणि त्या सगळ्याच्या नोंदी, हे तिच्याच अंगावर असते. (नोंदींचा भार तर आम्ही निवृत्त होईपर्यंत वाढतच गेला.) मात्र तिचा महिन्याचा फिरती कार्यक्रम आगाऊ ठरलेला असतो. तो मागून घ्या आणि ड्रेसिंगचे दिवस त्याला जुळवा. तुमचे उपकेंद्र आयुष्मान आरोग्य मंदिर (म्हणजे सरकारी योजनेतून वाढीव सेवा देणारे उपकेंद्र) झाले असेल, तर तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे वेगळे पद असते. सिस्टर फिरतीवर असताना केंद्रात रुग्ण पाहणे हे मुख्यतः त्यांचे काम आहे. आपल्याकडे पुष्कळ जण त्यांनाही 'नवीन डॉक्टर' एवढेच समजतात आणि विचारतच नाहीत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. जखमेला वास येऊ लागला, कडा काळ्या पडल्या, पाय सुजला किंवा ताप आला, तर उपकेंद्राची वाट न पाहता थेट उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकांना दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे 'दुखत नाही' या आबांच्या शब्दावर विसंबू नका.

शिरपूरकर
ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण मर्जीवर किती दिवस चालणार? माझ्या मते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना साधा लेखी अर्ज द्यावा, कारण उपकेंद्रे त्यांच्याच देखरेखीखाली असतात. अर्जात सिस्टरचे नाव न घालता 'अमुक दिवशी ड्रेसिंगची सोय व्हावी' एवढेच लिहावे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर पुढे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यावर जिल्हा परिषदेतील जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत. पद रिक्त असल्याने अडचण असेल, तर तेही अशा अर्जांमुळेच कागदावर येते.

धुळ्याहून
खर्चाबाबत सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने हा निर्णय त्यांना लागू नाही. धुळे किंवा जळगावला जाताना हा फरक लक्षात ठेवावा.

यावलचा केळीवाला
सर्वांचे आभार. आज सिस्टर भेटल्या. फिरती कार्यक्रम लावलेला होता, पण आतल्या भिंतीवर, म्हणजे कुलूप उघडल्यानंतरच वाचता येईल असा! तो दाराबाहेर लावण्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्या गावात असतील त्या दिवशी ड्रेसिंग त्या करतील आणि उरलेल्या दिवसांसाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून ठेवतील. वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यायचा अर्जही लिहून ठेवला आहे, तो सोमवारी देतो.