पहिला खर्डा: वेळेपेक्षा पुन्हापुन्हा वाचणं नडतं

सलग सुट्टी मिळाल्याशिवाय कादंबरी सुरू करता येत नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. रोज 300 शब्द, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे 40 आठवड्यांत 60,000 शब्द. त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो, पण आज कुठून सुरू करायचं हे ठाऊक असेल तरच. म्हणून प्रसंग संपवून उठू नका. मध्येच थांबा आणि खाली एक ओळ टाका: 'आता ती पत्र लपवते, तेवढ्यात भाऊ येतो.'

आत्मविश्वास बहुतेकदा पहिलं प्रकरण घासत बसल्यामुळे जातो. बसल्यावर कालचा शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा. सातव्या प्रकरणात धाकटी बहीण थोरली करावीशी वाटली, तर मागे जाऊ नका. वहीत नोंद करा आणि ती पहिल्यापासून थोरलीच होती असं धरून पुढे लिहा. एखादा तपशील आठवत नसेल तर तिथे 'तपासा' लिहायचं; शोधायला नेट उघडलंत की ती बैठक गेलीच.

साधारण एक तृतीयांश झाल्यावर गाडी अडते, कारण सुरुवातीची कल्पना तिथे संपलेली असते. तेव्हा पुढचा जो प्रसंग स्पष्ट दिसतोय तो लिहून टाका, सांधे नंतर जुळवता येतात. आणि खर्डा पुरा होईपर्यंत कुणालाही वाचायला देऊ नका, कौतुक करणाऱ्यालासुद्धा.