३३ इंची टायर: शिसं लावायचं की आत मणी टाकायचे?

वर्धा_रोड_थार:
राजेहो, माझं मत सरळ आहे. लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या गाडीच्या मड टेरेन (चिखलासाठीच्या खोल खाचांच्या) टायरला बॅलन्सिंगसाठी, म्हणजे चाक मशीनवर फिरवून हलक्या बाजूला शिशाची वजनं लावत बसणं म्हणजे पैसे पाण्यात. थारचे २४५/७५ आर१६ काढून २८५/७५ आर१६ टाकले, म्हणजे साडेतीस इंचाचे जवळपास ३३. पहिल्या दिवसापासून बुटीबोरीकडे जाताना ७५ ते ८५ च्या मध्ये स्टेअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं. मे महिन्याच्या उन्हात एका चाकाच्या पट्टीचा डिंक मऊ होऊन वजनं गळाली, पावसाळ्यात दुसऱ्या चाकाची चिखलानं खरवडून नेली. शेवटी सगळं शिसं काढलं आणि टायरमध्ये सिरॅमिकचे मणी टाकले. थरथर निम्म्याहून कमी झाली. टायर झिजला की मणी आपली जागा आपण शोधतात. शिसं जिथं चिकटवलं तिथंच राहतं.

वाडी_टायर_काम:
दादा, माझा हाच धंदा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. तुमचं चाक मशीनवर वाकडं बसवलं असणार. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं, त्यात मशीनच्या दांड्यावरचा शंकू (कोन) नुसता घालून चाक मधोमध बसत नाही. नटांच्या भोकांवर धरणारी प्लेट लावावी लागते. तुमच्यासमोर तपासून घ्या: मशीननं शून्य दाखवलं की चाक सैल करून अर्धा फेरा फिरवा, पुन्हा कसा आणि पुन्हा चालवा. आता ३० ग्रॅम दाखवलं, तर आधीचं शून्य खोटं होतं.

एकाच चाकाला १५०-२०० ग्रॅम मागत असेल तर आधी हवा काढा, टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बसवा. टायरची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूला आली की बरंच वजन वाचतं. पट्टी लावण्याआधी रिम स्पिरिटनं पुसा, माझी पट्टी मे महिन्यातही टिकते. मण्यांचं म्हणाल तर ते वरखाली उसळणं कमी करतात. रुंद टायर आतल्या-बाहेरच्या बाजूनंही डोलतो, तिथं मणी काही करू शकत नाहीत. हवेसोबत पाणी गेलं तर गोळा होऊन चिकटतात ते वेगळंच.

काळी_माती:
दोघांनाही विचारतो, रिमची आतली बाजू धुतली होती का? उमरेडकडच्या शेतरस्त्यावरून आलो की आमच्या गाडीच्या रिममध्ये काळी माती बसते आणि वाळून विटेसारखी होते. या मापाचं चाक ताशी ८० ला सेकंदाला साडेआठ फेरे घेतं. रिमला चिकटलेलं १०० ग्रॅमचं ढेकूळ त्या वेगात सुमारे साडेपाच किलोचा ओढा देतं. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडा, पाणी मारा, मग भांडा.

जिप्सी_लीफ_स्प्रिंग:
थरथर कुठं जाणवते हे कोणीच विचारलं नाही! स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं बघा. सीटखाली, फरशीतून येत असेल तर मागची चाकं, नाहीतर लिफ्टमुळे प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कल बदललाय. तिथं ना शिसं चालेल ना मणी. माझ्या जिप्सीला पुढंही सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. उंची वाढवताना कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी झाला आणि खड्डा लागला की पुढची चाकं वेड्यासारखी डोलायची. दोन महिने मी टायरलाच दोष दिला. आणि स्पीडोमीटर जुन्या मापाचाच असेल तर काट्यावर १०० म्हणजे खरे १०८ च्या आसपास. समृद्धीवर जाल तेव्हा हे ध्यानात ठेवा, हात जोडून सांगतो.

वर्धा_रोड_थार:
प्लेटचं पटलं. तिन्ही वेळा शंकूच लावला होता, मी समोर उभा होतो. रिम मात्र दर वेळी धुऊनच नेली. पण मण्यांवर मी ठाम आहे. दगडातून गेल्यावर दर वेळी दुकानात कोण जाणार?

वाडी_टायर_काम:
मग एक करा. पुढच्या दोन चाकांतले मणी काढून प्लेटवर बॅलन्स करून घ्या, मागच्या दोघांत राहू द्या. मणी आत असताना मशीनवर चढवू नका, आकडा दर वेळी वेगळा येईल. दोन हजार किलोमीटरनंतर पुढच्या टायरची झीज हातानं चाचपून इथंच लिहा.