प्रतिसाद: बुटांची टाच किती कापावी?
तीन इंची टाच दीड इंचावर आणून मिळेल का, असं तुम्ही विचारलंय आणि वर बहुतेकांनी 'कुठलाही मोची कापून देईल' म्हटलंय. देईल हो, पण नंतर ते बूट घालून चालता येईल का?

बूट ज्या साच्यावर ताणून बनवतात, त्या साच्यातच टाचेची उंची ठरलेली असते. तळव्याच्या कमानीखालची पोलादी पट्टीही त्याच उतारानं वाकवलेली. टाच जास्त कापली की बूट मागे कलतो, चवडा नीट टेकत नाही आणि पुढचं टोक होडीसारखं वर येतं. एक सेंटीमीटर ठीक, फार तर दीड. त्यापुढे मी तरी जाणार नाही.

टाच कशाची आहे तेही बघा. चामड्याचे थर एकावर एक चिकटवलेले असतील तर सोपं: खालचे एकदोन थर काढायचे, नवीन रबर ठोकायचं. पोकळ प्लास्टिकची असेल तर कापल्यावर आतली पोकळीच उघडी पडते, रबर ठोकायला जागा राहत नाही.

माझ्या बुटांची सेंटीमीटरभरच कमी केली होती. मोचीकाकांनी जुन्या तळाला समांतर कापली, तर टाच मागच्या कडेवरच टेकायची. बूट सपाट फरशीवर ठेवून, तळ पुन्हा तिरका घासून घेतला तेव्हा कुठे डुगडुग थांबली. (घासायचे पैसे मात्र वेगळे घेतले!)

दीड इंचच हवी असेल तर सरळ दुसरे बूट बघा.