प्रतिसाद: एप्रिलचा शेवटचा आठवडा

'परीक्षा संपली की मास्तर मोकळे' असं वर कुणीतरी लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. 2025 साली वेळापत्रकात परीक्षा 25 एप्रिलपर्यंत आणि निकाल 1 मेला! मधल्या पाच दिवसांत पेपर तपासा, संकलित-आकारिकच्या (म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेच्या आणि वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या गुणांच्या) बेरजा जुळवा, प्रगतिपुस्तकं भरा. पाचवी-आठवीत कुणी नापास झालं तर पालकांना समजावून पुनर्परीक्षेचं सांगायचं, ते वेगळंच. आमची दोन शिक्षकी शाळा. सकाळची असली तरी अकरालाच पत्रा तापतो, घाम उत्तरपत्रिकेवर टपकतो. त्यातच महाराष्ट्र दिनाच्या झेंड्याची दोरी बदलायची. निकाल घेऊन पोरं मात्र थेट आंब्याखाली पळतात, गुण नंतर बघतात. (त्यांचंच बरोबर आहे म्हणा!)