डार्विनच्या मिंडिल बीच मार्केटला सासूबाईंना नेऊलालोय, व्हेज काय मिळेल?

शहापूरची_वहिनी:
नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही सगळे ऑस्ट्रेलियाला डार्विनला भाऊजींकडे जाऊलालोय. ते म्हणतात रविवारी संध्याकाळी मिंडिल बीचवर बाजार भरतो तिथंच जेवूया, सगळ्या देशांचं खाणं असतंय. पोरं आत्तापासून नाचूलालीत पण सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत, आणि भाऊजींचं एकच, "व्हेज मिळतंय की वहिनी", ते स्वतः सगळं खातात त्यांना काय फरक पडतोय. कुणी गेलंय का? पोरांना पाण्यात सोडलं तर चालेल? भाऊजींसाठी कुंदा न्यायचा विचार आहे.

टिळकवाडीकर:
वहिनी, पाण्यात अजिबात नको! तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, पावसाळ्याच्या दिवसांत विषारी जेलीफिश पण, म्हणून तिथली माणसं वाळूवर बसतात. बाजार गुरुवार आणि रविवार, एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे त्यांच्या कोरड्या सीझनमध्येच. १९८७ पासून भरतोय. चारला सुरू होतो, पाचपर्यंत पोचा म्हणजे खाणं घेऊन वाळूवर चादर टाकता येईल. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळे सूर्य सरळ समुद्रात बुडतो, जुलैत साडेसहा-पावणेसातला, आणि लोक चक्क टाळ्या वाजवतात. मग मात्र पटकन अंधार होतो.
खाण्याचं म्हणाल तर "व्हेज" शब्दावर जाऊ नका. लाक्सा म्हणून नारळाच्या दुधाचं नूडल्सचं सूप तिथं फार फेमस, त्यात वर भाजी दिसते पण मसाल्यात बहुतेक सुकटीची पेस्ट असते. थाई स्टॉलवर कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण, लिंबू, ताडगूळ लांबड्या खलबत्त्यात समोर कुटून देतात, वासानंच तोंडाला पाणी सुटतंय, पण त्यात फिश सॉस आणि सुकी कोळंबी पडते. नको म्हणून सांगता येतं पण खलबत्ता तोच, सासूबाईंना ते चालणार नसेल तर सोडाच.

निपाणी_एक्सप्रेस:
एवढी चौकशी कशाला करत बसताय, दशम्या आणि शेंगाची चटणी घरनं बांधून न्या, आजींना तेच गोड लागेल. बाकीच्यांनी साटे (काडीला लावून भाजलेलं मांस), बारामुंडी मासा, धाडस असेल तर मगरीचं मांस पण 😄 आजींच्या शेजारी बसून खाऊ नका म्हणजे झालं.

खानापूर_ते_पर्थ:
दशम्यांचं बरोबर आहे पण आजींना बाजारात नेऊन डबाच खायला घालायचा म्हणजे काय मजा? आंब्याची स्मूदी, ताजी फळं हे द्या की. इंडियन किंवा श्रीलंकन स्टॉल असला तर अंडं, मासे, चिकन स्टॉक, एकेक नाव घेऊन विचारा. आणि कुंदा विसरा, भारतातून दुधाची मिठाई आणू देत नाहीत, मांड्यात खवा असला तर तेही गेलं. बाकी जे काही खाण्याचं नेताय ते ऑस्ट्रेलियात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहून दाखवा, लपवलं तर मोठा दंड होतो. हो, आणि सांजेला किनाऱ्यावर बारीक चिलटं लई चावतात, पोरांना पायभर कपडे घाला, क्रीम पण लावा.

शहापूरची_वहिनी:
बरं झालं विचारलं! मगरीचं वाचून पोरं अजूनच खूश झालीत काय बोलायचं आता. सासूबाई म्हणतात दशम्या पण न्या आणि स्मूदी पण पाहिजे. भाऊजींना कुंदा इथं आल्यावरच. तिथं डिजेरिडू (तिथल्या आदिवासींचं लांब लाकडी वाद्य) वाजवणारे असतात म्हणे, किती वाजता असतंय ते?