वहीत लिहिलेला काँटेस्ट लॉग पाठवू का? आणि कार्डं कुणाकुणाला?

कर्वेनगर_तिसरामजला

मंडळी, नमस्कार. यंदाच हॅम रेडिओचा परवाना हातात आला, कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) भारताच्या व्हीयू३ मधलं आहे. सोसायटीची बैठक होऊन गच्चीवर वायर बांधायला परवानगी मिळाली. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत २० मीटरची एंड-फेड (एका टोकाला जोडलेली वायर अँटेना) आहे, आणि तापकीर गल्लीतून आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. रेडिओ ५० वॉटवर ठेवते.

गेल्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइडच्या एसएसबी (बोलून संपर्क करायच्या) काँटेस्टमध्ये, म्हणजे जगभरातल्या स्टेशनांशी जास्तीत जास्त संपर्क करायच्या स्पर्धेत, पहिल्यांदा बसले. स्वतः सीक्यू ('कुणी आहे का' अशी सगळ्यांना हाक) दिला नाही. जो स्पष्ट ऐकू येईल त्याला हाक मारायची, 'फाइव्ह नाइन टू टू' (सिग्नलचा रिपोर्ट ५९ आणि आपला झोन २२) सांगायचं, त्याचा झोन (जगाच्या वाटणीतला विभाग-क्रमांक) लिहून घ्यायचा आणि पुढे जायचं. सकाळी १५ मीटरच्या बँडवर जपान मिळालं. दुपारी १० मीटर असा उघडला की जर्मनी, इटली, पोलंड, फिनलंड एकामागून एक लागत गेले. रात्री ४० मीटरवर मात्र आजूबाजूच्या बाल्कन्यांतल्या दिव्यांच्या माळांमुळे एस-मीटर (सिग्नलची पातळी दाखवणारा काटा) खाली यायलाच तयार नव्हता. साठेक क्यूएसओ (संपर्क) झाले असतील. सगळे वहीत, भारतीय वेळेने.

आता प्रश्न. एवढ्याशा लॉगचं आयोजकांना काही मोल असतं का, की तो वहीतच राहू द्यावा? दुसरं, एका इटालियन स्टेशनने कॉलसाइन घाईत नुसत्या अक्षरांत सांगितलं. शेवटी 'बी' होता की 'डी' हे मला आजही ठाम सांगता येणार नाही. वहीत 'बी' आहे. इंटरनेटवर शोधलं तर 'डी'वाला सापडतो, 'बी'वाला सापडत नाही. बदलू का?

आणि संपर्काची पावती म्हणून पाठवायच्या क्यूएसएल कार्डांचं काय? एका जर्मन ऑपरेटरने ई-मेल करून कागदी कार्ड मागितलंय. एका झेक श्रोत्याचाही रिपोर्ट आलाय. त्याच्याकडे परवाना नाही, नुसतं ऐकतो म्हणतो. सगळ्यांना कार्डं पाठवायची असतात का?

गच्चीवरचा_डायपोल

अभिनंदन! लॉग नक्की पाठवा. वहीतून कॅब्रिलो फाइल (काँटेस्ट लॉगचा ठरलेला संगणकी नमुना) बनवणं अवघड नाही. एन१एमएम लॉगर हे लॉग लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात वेळ हाताने घालून सगळे क्यूएसओ नंतरही भरता येतात. ओळी टाइप केल्या की फाइल तयार करून देणारी वेबपानंही आहेत. मुदत मात्र फक्त ५ दिवसांची असते. यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेने) शुक्रवारी २३:५९, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ५:२९. आज मंगळवार आहे, घाई करा.

पेठेतला_ऑपरेटर

लॉग पाठवा. क्यूएसओ थोडे आहेत म्हणून राहू दे, असं मनातही आणू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण नवीन मंडळींना हे कुणी समजावून सांगत नाही आणि मग चांगले लॉग कपाटात पडून राहतात.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. तिथे एका खात्याला रक्कम जमा झाली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला ती नावे पडलेली असलीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी ताळा जुळत नाही. काँटेस्टच्या लॉगचं अगदी तसंच आहे. तुमच्या वहीतली प्रत्येक ओळ जगात आणखी एका माणसाच्या लॉगमध्ये आहे. आयोजकांकडे सगळे लॉग जमले की संगणक ते एकमेकांशी ताडून पाहतो: कॉलसाइन, बँड, वेळ, झोन. तुमचा लॉग पोचला की त्या साठ जणांचा तुमच्याशी झालेला क्यूएसओ पडताळता येतो. बाराशे-पंधराशे क्यूएसओ करणाऱ्या फिनलंडच्या स्टेशनलाही तुमच्या त्या एका ओळीचा उपयोग आहे. झोन २२ मध्ये आपण, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव आणि लक्षद्वीप एवढेच येतो. दर काँटेस्टला इथून फार स्टेशनं हवेत नसतात, आणि एखाद्या बँडवर त्याला मिळालेला झोन २२ कदाचित तुमच्यामुळेच मिळालेला असेल.

म्हणूनच पाठवाल तर पूर्ण पाठवा. चांगले वाटले तेवढे टाइप केले आणि बाकीचे कंटाळा आला म्हणून सोडले, असं कृपया करू नका. तुमचा लॉग आला आहे पण त्यात समोरच्याचं कॉलसाइन नाही, असं दिसलं की त्याचा क्यूएसओ 'नॉट इन लॉग' धरला जातो. त्याचे गुण तर जातातच, वर त्या क्यूएसओच्या दुप्पट गुण दंड म्हणून कापतात. त्याने काहीही चूक केलेली नसते. अर्धा लॉग पाठवणं हे न पाठवण्यापेक्षा वाईट आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलोय.

आता त्या इटालियन स्टेशनबद्दल. बदलू नका. जे ऐकलं आणि त्या वेळी लिहिलं, तेच पाठवा. काँटेस्ट संपल्यावर कुठलीही यादी, रेकॉर्डिंग किंवा ई-मेल वापरून कॉलसाइन आणि एक्सचेंज (सांगितलेला रिपोर्ट आणि झोन) दुरुस्त करायला सीक्यू वर्ल्ड वाइडच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. 'बी' चुकीचा निघाला तर तो क्यूएसओ जाईल, थोडा दंडही बसेल. बसू दे. कान किती नीट चालले हेच तर इथे मोजलं जातं. ज्या कॉलसाइनबद्दल शंका असेल ते तिथल्या तिथे 'प्लीज रिपीट युअर कॉल' म्हणून पुन्हा मागायचं. समोरचा कितीही घाईत असो, पुन्हा सांगतो, कारण त्यालाही तुमच्या लॉगमध्ये बरोबर नोंद हवी असते.

वेळ मात्र बदलायचीच आहे, आणि त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. वहीतल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि तारखेकडे लक्ष ठेवा. रविवारी पहाटे १:१५ ला झालेला क्यूएसओ यूटीसीप्रमाणे शनिवारी १९:४५ चा आहे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातल्या सगळ्या ओळींची तारीख एक दिवस मागे जाते. ते आधी करा, मगच टायपिंगला बसा.

फाइलच्या वरच्या भागात पॉवरसमोर 'लो' लिहा. १०० वॉटपर्यंत सगळे त्यातच येतात. क्लस्टरवर (इंटरनेटवरच्या स्टेशनांच्या चालू यादीत) कोण कुठे आहे ते बघून हाका मारल्या असतील तर 'असिस्टेड', नुसता नॉब फिरवून शोधले असतील तर 'नॉन-असिस्टेड'. आणि परवाना मिळून तीन वर्षांच्या आत असलेल्यांसाठी 'रूकी' नावाचा वेगळा गट आहे, तो अवश्य भरा. तुमच्यासारख्यांची तुलना तुमच्यासारख्यांशीच व्हावी म्हणून तो ठेवलाय.

गुणांचं थोडक्यात: दुसऱ्या खंडातल्या स्टेशनचे ३, आशियातल्याच दुसऱ्या देशाचा १, आणि आपल्याच देशातल्याचा शून्य. पण व्हीयू स्टेशनसुद्धा प्रत्येक बँडवर एकदा देश म्हणून आणि एकदा झोन म्हणून गुणकात धरलं जातं, म्हणून पुण्यातलं किंवा बेंगळुरूचं कुणी ऐकू आलं तर सोडायचं नाही. शेवटचा स्कोअर म्हणजे एकूण गुण गुणिले सगळ्या बँडवरच्या झोन आणि देशांची बेरीज. दुपारचा १० मीटर तुमच्यासाठी इतका फायद्याचा का ठरला ते यावरून कळेल: युरोपातला प्रत्येक जण तीन गुणांचा, आणि प्रत्येक नवा देश वर गुणक वाढवतो.

त्या झेक श्रोत्याला उत्तर द्या, आणि शक्य तितक्या लवकर द्या. काँटेस्टमध्ये जो तो ५९ देतो, मग सिग्नल भिंत हलवणारा असो की जेमतेम कानावर येणारा. तुमच्या ५० वॉटचं आणि त्या वायरचं तिकडे खरोखर काय झालं, हे त्या साठ जणांपैकी कुणीही तुम्हाला सांगितलेलं नाही. श्रोता मात्र खरं लिहितो. सिग्नल किती, फेडिंग किती, आवाज घोगरा होता का, तुम्ही कुणाशी बोलत होता. ते सगळं तुमच्या लॉगशी जुळवून पाहा. जुळलं तर त्याचं कार्ड हे तुमच्या अँटेनाचं सगळ्यात प्रामाणिक मोजमाप आहे. अशा माणसाला उत्तर न देणं मला फार लागतं.

कर्वेनगर_तिसरामजला

काका, मनापासून आभार. आज रात्रीच टाइप करायला बसते. 'बी' तसाच ठेवते. झेक श्रोत्याने तुम्ही म्हणता तसंच लिहिलंय: सिग्नल ५३, खोल फेडिंग, आवाज स्वच्छ. त्याने ऐकलेला क्यूएसओ माझ्या वहीत आहे, वेळ बरोबर जुळते.

कार्डं छापण्याबद्दल कुणी सांगेल का? आणि जर्मन ऑपरेटरला नुसतं ई-क्यूएसएल (इंटरनेटवरचं कार्ड) पाठवलं तर चालेल का?

सीडब्ल्यू_सहकारनगर

कार्डांचं मी सांगते, गेली बरीच वर्षं आमच्या घरातली कार्डं मीच लिहिते.

काँटेस्टमधल्या सगळ्यांना आपणहून कार्डं पाठवायची गरज नाही. बहुतेकांना ती नकोच असतात. मागेल त्याला मात्र नक्की द्यायचं. कार्डांचा मोठा भाग एलओटीडब्ल्यूने (लॉगबुक ऑफ द वर्ल्ड, इंटरनेटवर क्यूएसओ पक्के करायची सोय) सुटतो. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेची ती सोय २००३ पासून चालू आहे आणि लॉग चढवायला पैसे लागत नाहीत. सुरुवातीला तुमच्या परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत पाठवून डिजिटल प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एकदा ते झालं की काँटेस्टचा अख्खा लॉग एका दमात चढतो. दोन्हीकडच्या वेळा अर्ध्या तासाच्या आत जुळल्या की क्यूएसओ पक्का. डीएक्ससीसी या पुरस्कारासाठी १०० देश जमवणारे बरेच जण तिथेच बघतात. ई-क्यूएसएल त्या डीएक्ससीसीला चालत नाही, म्हणून जर्मन ऑपरेटरला आधी विचारा की एलओटीडब्ल्यू पुरेल का. त्याने कागदीच मागितलंय, तर मला वाटतं त्याला कार्डच हवं असणार. कार्डं जमवणाऱ्यांचा तो आनंद वेगळा असतो आणि तो आपण जपावा.

छपाईसाठी आप्पा बळवंत चौकाच्या आसपास विचारा, थोड्या प्रतीही करून देणारे मिळतील. माप १४ सेंटीमीटर बाय ९ सेंटीमीटर सांगा, पुढेमागे नाही. ब्यूरोत (कार्डं एकगठ्ठा पोचवणाऱ्या केंद्रात) कार्डांचे गठ्ठे त्याच मापाने लावतात, मोठं कार्ड कडांनी दुमडून पोचतं. पुढची बाजू चकचकीत चालेल. मागची बाजू साधीच ठेवायला सांगा, नाहीतर बॉलपेनची शाई धरत नाही आणि बोट लागलं की पसरते. पुढे चित्र काय घ्यायचं ते तुमच्यावर. शनिवारवाडा पुष्कळांच्या कार्डावर आहे. तुमच्या गच्चीचा वायरसकट फोटो मला जास्त आवडेल, बाहेरच्या हॅमला तोच बघायचा असतो.

मागे समोरच्याचं कॉलसाइन, यूटीसी तारीख आणि वेळ, बँड, 'टू-वे एसएसबी' आणि रिपोर्ट. महिना अक्षरांत लिहा, कारण अमेरिकन लोक महिना आधी लिहितात आणि घोटाळा होतो. श्रोत्याच्या कार्डावर 'टू-वे' खोडू नका, त्यासाठी वेगळी ओळ छापून घ्या: 'तुमचा श्रवण-रिपोर्ट आमच्या लॉगशी जुळतो' या अर्थाची, इंग्रजीत. खाडाखोड झालेलं कार्ड पुरस्कारासाठी धरत नाहीत. एक अक्षर चुकलं तरी ते बाजूला ठेवून नवं घ्यायचं.

पाठवायचे दोन रस्ते. अॅमेच्योर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाचं सभासदत्व घेतलंत तर त्यांच्या ब्यूरोमार्फत कार्डं एकगठ्ठा जातात. स्वस्त पडतं, पण महिनोन् महिने लागतात. दोघंच असतील तर सरळ लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टातून एअरमेलने टाका. पाकिटावर कॉलसाइन लिहू नका, फक्त नाव आणि पत्ता. कॉलसाइन दिसलं की आत डॉलरची नोट असेल अशी आशा काही जणांना वाटते, आणि पाकिटं वाटेत उघडली गेल्याच्या तक्रारी जगभर आहेत.

कर्वेनगर_तिसरामजला

लॉग गेला! पोचल्याचा ई-मेलही आला. टाइप करताना दोन क्यूएसओ एकाच स्टेशनशी, एकाच बँडवर झालेले दिसले. ते काढले नाहीत. बरोबर ना?

कार्डाच्या मजकुरात कॉलसाइन, नाव, 'कर्वेनगर, पुणे', सीक्यू झोन २२ आणि ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) एमके ६८ एवढं घेतेय. आणखी काही राहिलंय का?

पेठेतला_ऑपरेटर

डुप्लिकेट ठेवले ते उत्तम केलंत. त्यांना दंड नाही, संगणक आपोआप शून्य धरतो. काढले असते आणि समोरच्याच्या लॉगमध्ये पहिला क्यूएसओ नसता, तर त्याचं नुकसान झालं असतं.

कार्डावर आयटीयू झोन (जगाची दुसरी एक वाटणी) ४१ हाही छापा. जुलैच्या आयएआरयू काँटेस्टमध्ये तोच सांगावा लागतो, आणि त्या कार्डांसाठी पुन्हा छपाई नको. ग्रिड चारऐवजी सहा अक्षरांचं घ्या, पण कुणाचं पाहून नको. शहरातून त्या छोट्या चौकोनांच्या सीमा जातात, पेठेतली आणि कर्वेनगरची शेवटची दोन अक्षरं वेगळी येतात. आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश घालून काढा.

मार्चच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी डब्ल्यूपीएक्स काँटेस्ट आहे. त्यात झोनऐवजी ००१ पासून चढता क्रमांक द्यायचा असतो, वहीवर ते सांभाळणं जड जातं. तोवर लॉगर शिकून घ्या, आणि या वेळी थोडा वेळ स्वतः सीक्यू देऊन बघा. कुठली फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवायची, कधी सोडायची, ते फेब्रुवारीत इथेच विचारा. ७३ (शुभेच्छा).