शब्दचर्चा : सौर पॅनेलचे ‘पॅरामीटर’ – मापदंड, घटक की प्राचल?

पदविकेच्या मुलांसाठी सौर पॅनेलवर मराठीत टिपणं लिहिते आहे. पॅनेलच्या एक-डायोड मॉडेलचे, म्हणजे पॅनेलला करंटचा एक उगम, एक डायोड आणि दोन रोध मानणाऱ्या गणिती नमुन्याचे, पाच पॅरामीटर काढायचे, त्या धड्यापाशी अडले. कुणी ‘मापदंड’ लिहितं, कुणी ‘घटक’. कोशात ‘प्राचल’ मिळतो. आणि ‘एस्टिमेशन’ला काय म्हणू, अंदाज की आकलन?

—

ताई, ‘मापदंड’ नकोच. ज्याने मोजायचं ती काठी म्हणजे मापदंड. इथे तर ज्यांना थेट मीटर लावता येत नाही अशाच गोष्टी शोधायच्या आहेत. पॅनेल उलटं करून मागचं लेबल बघा. क्योसेरा या जपानी कंपनीच्या केसी२००जीटी या ५४ सेलच्या पॅनेलचे आकडे घ्या : ओपन सर्किट व्होल्टेज (तारा मोकळ्या असताना) ३२.९ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट (तारा एकमेकींना जोडल्यावर) ८.२१ अँपिअर, कमाल शक्तीच्या बिंदूला २६.३ व्होल्ट आणि ७.६१ अँपिअर. हे सगळं मोजता येतं. पण प्रकाशधारा (उन्हामुळे तयार होणारा करंट), डायोडची संपृक्त धारा (त्यातून उलट दिशेने झिरपणारा बारीक करंट), त्याचा आदर्शता गुणांक (तो आदर्श डायोडपासून किती ढळतो ते सांगणारा आकडा), एकसर (सिरीज) रोध आणि समांतर (पॅरलल) रोध हे पाचही लेबलवर नसतात. समीकरणं सोडवून काढावे लागतात. याच पॅनेलसाठी ब्राझीलचे संशोधक व्हिलाल्वा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली आदर्शता गुणांक १.३ धरून एकसर रोध ०.२२१ ओहम आणि समांतर रोध सुमारे ४१५ ओहम काढला. ०.२२१ म्हणजे किती किरकोळ वाटतं! पण त्यातून ७.६१ अँपिअर गेले की जवळजवळ १३ वॅट उष्णतेत जातात, तेही २०० वॅटच्या पॅनेलमध्ये.

‘घटक’ही नको. डायोड हा घटक. त्याचा आदर्शता गुणांक हा प्राचल. व्होल्टेज आणि करंट हे चल, ते दोघांच्या आलेखाच्या वक्रावर सरकत राहतात. त्या वक्राला आकार देतात ते प्राचल. प्र + अचल अशी फोड मी करतो.

‘अंदाज’ आपल्याकडे मिठाचा असतो, पावसाचा असतो. ‘आकलन’ संख्याशास्त्रात चालतं, पण मुलांच्या लेखी आकलन म्हणजे समजणं. शाळेत आपण ‘क्षची किंमत काढा’ शिकलो, तेच ‘काढणे’ घ्या. फक्त ‘किंमत’ टाळा. माझ्या टिपणातलं ‘पाच प्राचलांच्या किमती’ वाचून पॅनेल बसवणाऱ्या एका कारागिराने त्या रुपयांत धरल्या होत्या. ‘प्राचलांची मूल्यं काढणे’ लिहिलं की घोळ होत नाही.

—

दादा, घटक आणि प्राचल यांतला फरक पटला. पण ‘अचल’ कसं म्हणायचं? ऊन वाढलं की प्रकाशधारा वाढते, आणि पॅनेल तापलं की संपृक्त धारा तर कितीतरी पटींनी चढते.

—

खरं आहे, ते माझ्याकडून अर्धंच सांगून झालं. हे प्राचल एका वक्रापुरतेच अचल. वरची मूल्यं २५ अंश सेल्सिअस आणि दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन या अटीवरची आहेत. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६० अंशांच्या वर जातं. तिथे वक्र दुसरा, मूल्यंही दुसरी. धड्यात ‘प्राचल’ पहिल्यांदा येईल तिथेच ही अट लिहा. आणि गच्चीवर सगळे ‘सिरीज’च म्हणतात, तरी टिपणात ‘एकसर’ ठेवा. मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात ‘एकसर जोडणी’ वाचलेली असते.